आरतीचं तबक येईपर्यंत

रायपूरच्या समता कॉलनीतल्या राममंदिरात एक रिवाज आहे. कीर्तन उभं राहिलं की आरतीचं तबक बाहेर येईपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. घरी गॅसवर दूध राहिलेलं आठवो, पायाला मुंग्या येवोत, बसलेला माणूस बसलेलाच राहतो. कारण अगदी साधं. रामकथा चालते तिथं मारुतीराय येऊन बसतात, आणि ते कोणत्या कोपऱ्यात बसलेत हे आपल्याला दिसत नाही. उठणाऱ्याचा पाय त्यांच्या शेपटीवर पडला तर काय घ्या?

विनोदिनीताईंनी या रिवाजाचं सुख पुष्कळ भोगलं होतं. श्रोता उठून जाऊच शकत नाही म्हटल्यावर कीर्तनकाराला आणखी काय पाहिजे! शाळेत गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण नारदाच्या गादीवरून निवृत्त व्हायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला नागपूरहून रायपुरात आले, ते येताना एक तंबोरा आणि पोतंभर बोलणं घेऊन आले, असं त्या सांगत. तंबोरा कधीचाच फुटला. बोलणं मात्र वंशात उतरलं.

पण यंदाच्या चैत्रात, नवमी तोंडावर आली असताना, त्या संध्याकाळी गाभाऱ्यासमोर उभ्या राहून त्या झांजेची दोरी बोटाला गुंडाळत होत्या, सोडवत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"रामराया," त्यांनी मनात हात जोडले, "आज सूर हलला तरी चालेल, ताल चुकला तरी चालेल. फक्त मला लवकर थांबू देऊ नकोस."

कारण आजचं कीर्तन जेवढं देवासाठी होतं, तेवढंच देवश्रीसाठी होतं.

देवळाच्या मागच्या अंगाला, प्रसादाच्या खोलीला लागून, एक खोली आहे. पूर्वी तिथं सतरंज्या आणि गणपतीची मखरं पडलेली असत. महिला मंडळानं ती झाडली, चुना दिला, एक पलंग, चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवला आणि तिचं नाव ठेवलं 'ओसरी'. जिला घरात मार बसतो, जिचं ऐकून घ्यायला कोणी नाही, तिनं तिथं यावं, टेकावं, बोलावं. तिथं इरावती बसायची. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेली पोरगी, आपल्याच रायपूरची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिची एक शिस्त होती. ओसरीत आलेल्या बाईला 'सांभाळून घे' असं कोणी म्हणायचं नाही. सुरुवातीला विनोदिनीताईच एकदा सवयीनं बोलून गेल्या, "जाऊ दे गं बाई, पुरुषाची जातच अशी." तेव्हा इरावतीनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि गोड हसून म्हणाली, "मौसी, आप ज़रा बाहर बैठिए. कीर्तन यहाँ नहीं होता."

ताई बाहेर बसल्या, चहा प्यायल्या, आणि तो धडा कायमचा शिकल्या.

देवश्री रायपुरातल्याच गुढियारी भागातली. नवरा यशोधन तिथंच एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात. बोलायला एवढा मिठ्ठास की देवळातल्या म्हाताऱ्यांना वाटे, जावई असावा तर असा. दरवर्षी उत्सवाला खुर्च्या पाठवी, भेटेल त्याला वाकून नमस्कार करी. थोड्याच दिवसांपूर्वी चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला विनोदिनीताई देवश्रीला अत्तर लावायला गेल्या, तर पोरीनं हात मागं घेतला. चैत्रातल्या उन्हात तिनं मनगटापर्यंत बाह्या घातल्या होत्या. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, तिनं ताईंकडे पाहिलं. मग कैरीच्या डाळीची वाटी घेता घेता ती हळूच पुटपुटली, "काकू, तुमच्या त्या मागच्या खोलीत यायचं असंल तर काय करा लागते?"

"यायचं फक्त. दुसरं काही नाही."

"तेच तर जमत नाही. फोन त्यायच्याजवळ राह्यते. अन् घरातून निघाली का आई सोबत." तिनं एकदा वळून पाहिलं. "रविवारी आम्ही सुरतले चाललो, काकू. कायमचे. तिथं मले कोणीच ओळखत नाही."

आई म्हणजे सासू. शारदाबाई. त्यांच्याविषयी काय सांगावं! सावली तरी भर दुपारी पायाखाली लपते, पण शारदाबाई सुनेपासून हलत नसत. भाजीला सोबत, दवाखान्यात सोबत, पंडरीच्या बाजारातून साडीला फॉल लावून आणायचा तरी सोबत, कडेवर नात मिनू. मंडळातल्या बाया म्हणत, हा काही सासुरवास नाही, हा पहारा आहे. शिवाय कीर्तनात त्यांची जागा ठरलेली, अगदी पहिल्या रांगेत. कीर्तनकाराचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की त्यांचं बोट वर. त्या बोटाला रायपुरातले सगळे बुवा घाबरत.

म्हणून विनोदिनीताईंनी आणि इरावतीनं मिळून बेत रचला. त्या पहाऱ्याला घरात फोडता येत नव्हतं, तेव्हा तो देवळातच बसवून ठेवायचा. ज्या बाईच्या हातचा प्रसाद असतो तिला कीर्तनाला बसावं लागत नाही, आणि प्रसाद सोवळ्यात असतो, म्हणून त्या खोलीत दुसरं कोणी जात नाही. मागच्या दाराला मात्र सोवळं-ओवळं नाही. ते ओसरीत उघडतं. देवश्रीचं बोलणं मनासारखं झालं की प्रसादाच्या खोलीतून आरतीचं तबक येईल. तोवर कीर्तन चालू ठेवायचं काम ताईंचं.

"मला किती वेळ लागेल, ते मी सांगू शकत नाही," अशा अर्थाचं इरावती हिंदीत म्हणाली होती. "तिला काय पाहिजे ते तिनंच ठरवायचं आहे, मौसी. घाई नाही करता येत."

"तू बोलत राहा," ताई म्हणाल्या होत्या. "मला बोलायला सांगतेयस. माशाला पोहायला सांगितल्यासारखंच ते."

आता मात्र माशाला समुद्र मोठा वाटू लागला होता.

"शारदाताई, आज शिरा देवश्रीच्या हातचा होऊ द्या," त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं.

शारदाबाईंनी मिनूला मांडीवर घेतलं. सुनेकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. "किती वेळ लागंल?"

"आता... मोठी कढई आहे. वेळ लागेलच."

"लागू द्या," त्या म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या.

देवश्री आत गेली. दार लोटलं गेलं. ताईंनी झांज वाजवली आणि नामाचा गजर सुरू केला, सीताराम, सीताराम. तबल्यावर बंडूभाऊ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. हात सोन्याचा, पण पोटात तीळ भिजत नाही, म्हणून त्यांना बेतातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

पूर्वरंग बरा गेला. नाम घ्यावं तर कसं, एकदा घेतलेलं पुन्हा का घ्यावं, यावर विनोदिनीताई बोलल्या, गायल्या, पुन्हा बोलल्या. मग आख्यानाला सेतुबंध काढला. मुद्दामच. समुद्र मोठा आणि वानर असंख्य. कीर्तनकाराला वेळ काढायचा असेल तर देवानं याहून चांगला प्रसंग केलेला नाही.

पहिला दगड पडला. दुसरा पडला. ताई एकेका वानराचं गाव सांगू लागल्या. हा दुर्गचा, अंगानं थोराड, पण ऊन लागलं की सावलीत बसे. हा राजनांदगावचा, दगड उचलण्याआधी पानवाल्याकडं जाऊन येई. हा भिलाईचा, याला लोखंडच उचलायची सवय, दगड पाहून नाक मुरडे. लोक खो खो हसत होते. बंडूभाऊ मात्र भुवया उंचावून पाहत होते. दरवर्षी हा सेतू चहा थंड व्हायच्या आत बांधून होई. यंदा एवढे मजूर कुठून आले?

तेवढ्यात पहिल्या रांगेतलं बोट वर झालं.

"ताई, हा दगड मघा टाकला होता."

सभा खदखदली. ताईंच्या कपाळावर घाम आला, पण जीभ वंशाची होती.

"पहिला वाहून गेला, शारदाताई! समुद्रच तो. म्हणून पुन्हा टाकला."

शारदाबाईंनी बोट खाली घेतलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू होतं का, हे ताईंना कळलं नाही. त्यांचं लक्ष प्रसादाच्या खोलीच्या दाराकडे होतं. दार बंद. आणि त्या दाराच्या फटीतून आता एक वास येऊ लागला होता.

शिरा लागत होता.

'चांगलं आहे,' ताईंनी मनात म्हटलं. 'ढवळायचं विसरली म्हणजे बोलते आहे.'

आणि नेमकं तेव्हाच देवळाच्या पायरीवर चपला निघाल्या. यशोधन. तो न्यायला येणार होता हे खरं, पण एवढ्या लवकर नाही. पांढराशुभ्र शर्ट, जोडलेले हात, चेहऱ्यावर तेच मधाळ हसू. त्यानं बायकांच्या बाजूला नजर टाकली. आई दिसली, मुलगी दिसली. बायको नाही. तो भिंतीच्या कडेकडेनं प्रसादाच्या खोलीकडे निघाला.

तो बसलेलाच नव्हता, तेव्हा न उठण्याचा रिवाज त्याला लागू कसा करणार? ताईंनी रामाकडे पाहिलं. राम नेहमीसारखा शांत. म्हणजे जे करायचं ते आपणच.

"या, या, यशोधनराव!" झांज वाजवत त्या गादीवरून दोन पावलं पुढं आल्या. "अहो, कीर्तनाच्या ऐन रंगात पुरुष आला की त्याच्या हाती टाळ द्यायचा, असा आपल्या देवळाचा रिवाज आहे!"

बंडूभाऊंचा हात तबल्यावर अडखळला. हा रिवाज त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. 'रामराया, आजपासून आहे,' ताईंनी मनात कबूल करून टाकलं आणि यशोधनच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात स्वतःचा हार घातला, हातात टाळ दिले.

"काकू, मैं बस देवश्रीले... शिरा जळून राहिला वाटते..."

"ती सोवळ्यात आहे. तिकडं नाही जायचं. इथं माझ्या पाठीशी उभे राहा. आणि टाळ आरतीपर्यंत खाली ठेवायचा नाही हं, देवाचा अपमान होतो. वाजवा टाळ्या सगळ्यांनी, आज यशोधनराव टाळकरी!"

टाळ्या पडल्या. शंभर डोळे त्याच्यावर होते. ज्याला चारचौघांत चांगलं दिसायची हौस असते त्याला चारचौघांतून हलता येत नाही. यशोधन हसून उभा राहिला आणि टाळ वाजवू लागला. ताल बंडूभाऊंचा एक आणि त्याचा दुसराच. मिनूनं आजीच्या मांडीवरून बापाकडे पाहिलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

पण सेतू किती लांब होणार? शेवटी लंका आली. लंकेत शिरलं तर युद्ध आलं, आणि युद्धाच्या कथेला आज ताईंचं मन होत नव्हतं. मारामारी या विषयाचा त्यांना वीट आला होता. दार अजून बंदच होतं. शिऱ्याचा वास आता गाभाऱ्यापर्यंत पोहोचला होता. घसा बसला होता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले आणि जे तोंडाला येईल ते येऊ दिलं.

"मंडळी, रामाचा सेतू झाला. पण त्याच्या आईचं काय?"

लोक कान देऊन पुढं झुकले.

"आपण रायपूरकर भाग्याचे. कौसल्यामाईचं माहेर कुठलं? आपलंच! राम म्हणजे साऱ्या छत्तीसगडचा भाचा. म्हणून तर इथं मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचीच्या पाया पडतो. आपण मराठी माणसं बाहेरून आलो, पण ही रीत उचलली की नाही?"

"हव, उचलली!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मग सांगा, कौसल्यामाई कधी माहेरी आली होती का? पोथीत नाही. पण लेक माहेरी आली हे पोथीत कोण लिहितं? ते आईच्या जीवाला ठाऊक." ताई आता गाऊ लागल्या. शब्द त्यांनाही नवेच होते.

*सोन्याचं सासर, खांब खांब हिऱ्याचा,*
*जीव बाई माझा माहेरच्या वाऱ्याचा...*

पेटीवाल्या काकांनी सूर धरला. बायका डोलू लागल्या.

"आणि तिच्या आईनं काय केलं असेल? राणी ती. तिनं दारवानाला सांगितलं, माझी लेक सांगून येणार नाही. ती हसत येईल, कधी रडत येईल. कडी घालू नकोस. आणि उंबऱ्यात तिला विचारू नकोस, का आलीस? आधी पाणी दे. मग जेवू घाल. मग तिला निजू दे. मग ती आपणच सांगेल."

पाठीमागे टाळ थांबला.

ताईंना ते लगेच जाणवलं. त्या वळल्या. यशोधनचं हसू तिथंच होतं, पण डोळ्यांतून उतरलं होतं. तो प्रसादाच्या खोलीच्या दाराकडे एकटक पाहत होता.

"शिरा करपून गेला पूरा," तो हळू आवाजात म्हणाला. "शिरे को इतना टाइम नहीं लगता, काकू. मी पाह्यतो." आणि तो टाळ खाली ठेवायला वाकला.

"यशोधन."

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. मोठा नव्हता. पण जन्मभर ज्या आवाजानं माणसाला जेवायला हाक मारलेली असते, त्याला तो मोठा लागत नाही.

"टाळ हातात राहू दे. देवाच्या दारात उभा हायेस. मारुतीराय बसले आहेत. तुह्या पायाखाली येतील."

यशोधन अर्धवट वाकलेला तसाच राहिला.

मग शारदाबाईंनी बोट वर केलं. "ताई, एक राहिलं. माहेरच्या आईचं सांगितलं तुम्ही. कौसल्येच्या सासूचं नाही सांगितलं."

विनोदिनीताई गडबडल्या. कौसल्येची सासू? एवढी कीर्तनं केली, तिचा विचार कधी मनात आला नव्हता. "मला ठाऊक नाही, शारदाताई," त्या खरं तेच बोलल्या. "तुम्हीच सांगा."

शारदाबाई उठल्या नाहीत. बसल्या जागी पदर नीट केला, मिनूचं डोकं छातीशी घेतलं.

"सासू सुनेच्या मांगं मांगं फिरे," त्या म्हणाल्या. "बाजारात, दवाखान्यात, देवळात. लोक म्हणत, कशी खडूस म्हातारी हाय, पोरीले श्वास घेऊ देत नाही. लोकायले काय माहीत? म्हातारी सोबत असली का पोरीवर हात उठत नव्हता. तेवढंच तिच्या हाती होतं, तेवढं तिनं केलं. पण म्हातारी आंघोळीले जाय. म्हातारीचा डोळा लागे. मंग?"

मिनूनं आजीच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"मंग एक दिवस म्हातारीले दिसलं, का देवळामांगं एक ओसरी हाय. अन् तिथली बाई वेळ काढाले एकच दगड दोनदा टाकून राहिली." त्यांनी विनोदिनीताईंकडे पाहिलं. "म्हातारी मनात म्हणाली, जाय बाई. बोलून घे सगळं. लागू दे वेळ. मी इथं बसून राह्यतो. मी बसली का माह्या पोराले पुढं जाता येत नाही."

'माह्या पोराले.' कौसल्येची सासू कुठं संपली आणि शारदाबाई कुठं सुरू झाल्या, ते कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

विनोदिनीताईंचे डोळे भरून आले. ज्या पहाऱ्याविरुद्ध आपण बेत रचला तो पहारा सुनेवर नव्हता, सुनेसाठी होता. एवढी वर्षं गादीवर उभं राहून माणसांची मनं ओळखतो म्हणून मिरवलं, आणि पहिल्या रांगेतलं मन वाचता आलं नाही.

यशोधननं टाळ खाली टाकले. खण्णकन आवाज झाला. "क्या तमाशा है ये!" तो दाराकडे निघाला.

आणि तेव्हा ती गंमत झाली, जी रायपूरच्या मराठी बाया अजून सांगतात आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसतात. कीर्तन चालू होतं. उठायचं नव्हतं. पण सरकायला कुठं बंदी आहे? पहिली सरकली ती कोपऱ्यातली जाड चष्म्याची आजी. मांडी न मोडता, हात टेकून, सुपात धान्य सरकावं तशी. मग तिच्या शेजारची. मग सगळी रांग. सतरंजीसकट बायका सरकत सरकत प्रसादाच्या खोलीच्या वाटेवर येऊन बसल्या. दारापर्यंत पाऊल ठेवायला जागा राहिली नाही.  सगळ्या टाळ्या वाजवत होत्या.

"अवं बाई, जरा सरकता का?" यशोधन म्हणाला.

"सरकलोच तर हावो, भाऊ," चष्म्याची आजी म्हणाली. "आता आणिक कुठं सरकू?"

बंडूभाऊंच्या डोक्यात एवढ्या वेळानं उजेड पडला. त्यांनी ताईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, "असं होय!" असं मोठ्यांदा म्हणाले आणि तबल्यावर अशी लग्गी लावली की देवळाच्या घंटा आपोआप थरथरल्या. पुरुषांच्या बाजूनं गजर उचलला, सीताराम, सीताराम. विनोदिनीताईंच्या गळ्यात सूर उरला नव्हता, पण त्या नाचत होत्या. साठीच्या गुडघ्यांनी त्या संध्याकाळी एक तक्रार केली नाही.

आणि दार उघडलं.

तबक देवश्रीच्या हातात होतं. पाच वाती जळत होत्या. तिनं लांब बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, आणि जे आजवर झाकून ठेवलं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. तिनं काही लपवलं नाही. तिच्या मागं इरावती. बायकांनी बसल्या बसल्या वाट करून दिली. देवश्री रामासमोर गेली, आरती ओवाळू लागली, आणि आता, रिवाजाप्रमाणे, सगळं देऊळ उठून उभं राहिलं. सगळं देऊळ. यशोधन त्या गर्दीच्या पलीकडच्या टोकाला राहिला.

आरती संपल्यावर तो जवळ आला. आवाज पुन्हा गोड केला होता. "चल, घरी चल. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," देवश्री म्हणाली. तिनं बाह्या खाली केल्या नाहीत. "मी आज घरी येत नाही. अन् सुरतलेही येत नाही."

"कोणी शिकवलं हे?"

"भैया, किसी ने नहीं सिखाया," इरावती मध्ये आली. उंचीनं त्याच्या खांद्याएवढी, पण पाय रोवून उभी. "मैंने सिर्फ़ सुना. रिपोर्ट आज ही होगी, घरेलू हिंसा वाली संरक्षण अधिकारी मैडम को फ़ोन हो गया है. आपको अपनी बात कहनी है तो सोमवार को आइए. अकेले. यहाँ आपकी भी सुनी जाएगी. पर इनके पास आना है तो इनसे पूछकर."

यशोधननं आईकडे पाहिलं. शारदाबाईंनी नजर चुकवली नाही. "जाय," त्या म्हणाल्या. "सोमवारी येजो. हार काढून जाय, तो देवाचा हाय."

त्यानं हार काढला, पेटीवर ठेवला आणि चपलात पाय घालून निघून गेला. प्रसादही घेतला नाही. पुढं अर्ज होते, तारखा होत्या, अवघड सकाळी होत्या. एका आरतीनं माणसाचं सगळं सुटत नाही, हे विनोदिनीताईंना ठाऊक होतं. पण वात पेटते ती एकदाच पेटते, तेही त्यांना ठाऊक होतं.

करपलेला शिरा सगळ्यांनी खाल्ला. कोणी नाव ठेवलं नाही. बंडूभाऊंनी तर खरवड मागून घेतली.

तोवर पायरीशी एक स्कूटर येऊन थांबली. पंडरीच्या कापडबाजारातून एक तरुण धावत आला होता, गळ्यात मापाची टेप तशीच. देवश्रीचा भाऊ विशाल. बहिणीला तुझं तोंड पाहायचं नाही, असं यशोधननं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते खरं मानलं होतं. ओसरीतून देवश्रीनं इरावतीच्या फोनवरून पहिला फोन त्यालाच केला होता. तो बहिणीसमोर आला. मग त्यानं खाली पाहिलं. आजीचं बोट धरून मिनू उभी होती. विशाल देवळाच्या दगडावर गुडघे टेकून बसला आणि त्या एवढ्याशा पोरीच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. इथला मामा ठेवतो तसं.

मिनूनं शिऱ्यानं चिकट झालेला हात त्याच्या केसांवर ठेवला. "तू कोण?"

"तुहा मामा."

"मंग उठ ना," मिनू म्हणाली. "कीर्तन संपलं."

सगळे हसले. विशाल रडत हसला. देवश्रीनं त्याच्या गळ्यातली टेप काढून घडी घातली, लहानपणी त्याचं दप्तर आवरायची तशी.

"मावशी, तुम्ही बी चला," विशाल शारदाबाईंना म्हणाला.

"सुनेच्या माहेरी सासू राहाले गेली तर लोक हसतील."

"हसू द्या," देवश्री म्हणाली. "तुम्ही सोबत नसल्या तर मले बाजारात एकटं एकटं वाटते, आई."

शारदाबाईंनी डोळ्याला पदर लावला, मग लगेच खाली घेतला. ऑटो बोलावला गेला. चढता चढता त्या थांबल्या, वळल्या, आणि त्यांचं बोट वर झालं. पायरीवर बसून गरम पाण्याचे घोट घेणाऱ्या विनोदिनीताई दचकल्या.

"ताई, ते कौसल्येचं माहेर. कोण्या पोथीतलं होतं?"

ताईंचा घसा पार गेला होता. त्यांनी दोन्ही हात हलवून सांगितलं, कोणत्याच नाही.

"असो. चांगलं होतं." शारदाबाई ऑटोत बसल्या, मिनूला मांडीवर घेतलं. "उद्या पुन्हा सांगा. पण तो दगड एकदाच टाका."